बर्फाखाली गेलेलं गाव

आज जरा लांबच्या गावाला जाऊ. आपल्याकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली असते, इतकं ते लांब आहे. अमेरिकेचं अलास्का नावाचं राज्य आहे, कॅनडाच्याही पलीकडे, उत्तर टोकाला. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्लेशियर बे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. ग्लेशियर म्हणजे हिमनदी आणि बे म्हणजे खाडी. म्हणजे हिमनद्यांची खाडी. मी काही तिथे गेलेली नाही. वाचलं, समजून घेतलं, ते तुम्हाला सांगते. सांगायचं कारण असं की या जागेच्या इतिहासात एक आजी आहे, एक नात आहे, आणि त्यांची गोष्ट खरी की खोटी हे ठरायला जगाला फार वर्षं लागली.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. हे उद्यान आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं आहे, तेरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. त्यातला चौथा हिस्सा बर्फाने झाकलेला. लहानमोठ्या हजारभर हिमनद्या. तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. अलास्काची राजधानी जुनो, पण राजधानीलाही विमानाने नाहीतर बोटीनेच जावं लागतं. तिथून छोट्या विमानाने किंवा बोटीने गस्टाव्हस नावाच्या वस्तीवर उतरायचं आणि पुढे सोळा किलोमीटरच्या एका रस्त्याने बार्टलेट कोव्हला, म्हणजे उद्यानाच्या मुख्य ठाण्यावर पोहोचायचं. पण बहुतेक लोक तसे जातच नाहीत. ते मोठ्या प्रवासी जहाजातून येतात, दिवसभर डेकवरून बर्फ बघतात आणि जमिनीला पाय न लावता परत जातात.

हिमनदी म्हणजे नुसता बर्फाचा डोंगर नव्हे, ती खरोखरच नदी असते. आपल्याकडे अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वराला धो धो पाऊस पडतो ना, तसंच तिथे आहे. प्रशांत महासागराचे ढग फेअरवेदर नावाच्या डोंगररांगेला अडतात. त्या रांगेचं सर्वांत उंच शिखर साडेचार हजार मीटरच्या वर आहे. इतक्या उंचीवर पाऊस नाही, हिम पडतं. थरावर थर साचत जातो, खालचा थर दाबाने घट्ट होऊन निळसर बर्फ बनतो, आणि तो सगळा गठ्ठा स्वतःच्याच वजनाने उतारावरून हळूहळू सरकू लागतो. सरकत सरकत समुद्राला मिळतो. तिथे त्याची भिंत उभी असते, पाण्याच्या वर दोनशे-अडीचशे फूट, आणि तिचे घराएवढे तुकडे तुटून पाण्यात पडतात. मेघगर्जनेसारखा आवाज होतो. तिथले मूळ लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात.

हे मूळ लोक म्हणजे ट्लिंगिट. त्यांच्यातली हुना नावाची शाखा या खाडीची. त्यांच्या समाजात मूल आईच्या घराण्याचं असतं. घराण्याचं नाव, मान, कथा, गाणी, मासे धरायची जागा, सगळं आईकडून चालत येतं. आणि कथा ही त्यांच्यात मालमत्ता असते. जिच्या घराण्याची कथा, तिच्या घराण्याचाच तिच्यावर हक्क. म्हणून आता जी सांगते ती चुकनेदी घराण्याची कथा आहे हे आधी म्हणते, आणि ती पूर्ण न सांगता थोडक्यात सांगते.

आज जिथे खाडीचं पाणी आहे तिथे पूर्वी हिरवं खोरं होतं. नदी होती, नदीत सामन मासे होते, काठावर घराण्यांची लाकडी घरं होती. एका मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं. रिवाजाप्रमाणे तिला बाजूला, पडद्याआड बसवलं. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे काही वेगळं सांगायला नको. एकटी बसून तिला कंटाळा आला. तिने सुक्या माशाचा तुकडा हातात घेतला आणि दूरच्या हिमनदीला, कुत्र्याला बोलवावं तसं बोलावलं. आणि हिमनदी आली. घरं ढकलत, झाडं मोडत आली. वृद्ध लोक सांगतात, धावत्या कुत्र्याच्या वेगाने बर्फ आला. सगळ्यांना होड्यांत बसून निघावं लागलं. पण कुणीतरी मागे राहायला हवं होतं. काही जणी सांगतात की आजी म्हणाली, मी म्हातारी झाले, मी राहते; ही पोर तरणी आहे, हिच्या पोटी घराणं वाढेल, हिला न्या. काही जणी सांगतात की ती मुलगीच, कास्टीन तिचं नाव, हट्टाने मागे राहिली. कसंही असो, घर बर्फाखाली गेलं, आत एक बाई होती, आणि बाकीचे होड्यांत रडत होते. त्या रडण्याचं गाणं झालं. ते गाणं आजही त्या घराण्याकडे आहे.

मग हे लोक विखुरले. काही जण सामुद्रधुनी ओलांडून पलीकडच्या बेटावर गेले. तिथे उत्तरेच्या वाऱ्याचा मारा लागत नव्हता. त्या गावाचं नाव हुना, आणि नावाचा अर्थच उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असा आहे. ते गाव आजही आहे.

आता गोऱ्या लोकांच्या कागदांत काय आहे ते पाहू. १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची जहाजं या किनाऱ्याचा नकाशा काढत होती. त्याच्या माणसांनी इथे पाहिलं तर खाडी अशी नव्हतीच. किनाऱ्याला आठेक किलोमीटरची खाच होती, आणि पुढे बर्फाची उभी भिंत. नकाशात तेवढंच उतरलं. म्हणजे बर्फ शेवटच्या टोकापर्यंत येऊन नुकता मागे हटायला लागला होता.

पुढे १८७९ साली जॉन म्यूर नावाचा निसर्गप्रेमी लेखक इथे आला. हिमनद्या पाहायचा त्याला नाद होता. एका पाद्र्यासोबत आणि चार ट्लिंगिट वाटाड्यांसोबत तो होडीतून निघाला, ऑक्टोबरच्या थंडीत. त्या वाटाड्यांपैकी एकाने लहानपणी या बर्फाच्या खाडीत सीलची शिकार केली होती, त्यानेच म्यूरला या जागेबद्दल सांगितलं. पुढे तिथल्या सील मारणाऱ्या हुना लोकांपैकी एक जण वाट दाखवायला सोबत आला. म्यूर पाहतो तर व्हँकुव्हरच्या नकाशातली बर्फाची भिंत गायब! ती साठ किलोमीटरहून जास्त आत सरकली होती. पाऊणशे-शंभर वर्षांत एवढा बर्फ गेला आणि खाली पाण्याने भरलेली खाडी उघडी पडली. म्यूरने याबद्दल इतकं छान लिहिलं की पुस्तकांत नोंद झाली, म्यूरने ग्लेशियर बे शोधून काढली. मैत्रिणींनो, ज्यांची होडी, ज्यांची वाट, ज्यांची माहिती, त्यांनी काही शोधलं नाही म्हणे.

म्यूरच्या लिखाणाने पर्यटक येऊ लागले. १८८३ साली कॅप्टन कॅरल याने 'आयडाहो' नावाची आगबोट या खाडीत आणली. त्या बोटीत एक सव्वीस वर्षांची बाई होती, एलायझा स्किडमोर. बाईने एकटीने प्रवास करावा आणि वर्तमानपत्राला लिहून पोट भरावं, हा त्या काळी अमेरिकेतही नवलाचाच प्रकार होता. तिने १८८५ साली अलास्कावर पुस्तक छापलं, आणि ते वाचून आणखी लोक आले. पुढे ती नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या कारभारी मंडळावर बसणारी पहिली बाई झाली. ही बाई आपल्या देशातही फिरली होती, आणि हिंदुस्थानच्या त्या प्रवासावर तिचं पुस्तक १९०३ साली आलं. ग्लेशियर बेमधल्या एका हिमनदीला तिचं नाव आहे.

या पर्यटकांशी पहिला व्यवहार कुणी केला असेल? बायकांनी. ट्लिंगिट बायका स्प्रूस नावाच्या झाडाची मुळं उकरायच्या, विस्तवावर भाजायच्या, साल काढून बारीक चिरायच्या आणि त्याच्या टोपल्या विणायच्या. इतकी घट्ट वीण की टोपलीत पाणी ठरायचं. सिटका, जुनो या बंदरांत बोट लागली की बायका टोपल्या मांडून बसायच्या. त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की भावाचा शेवटचा शब्द बाईचा असायचा. नवऱ्याने ठरवलेला सौदाही बायको मोडायची. बचत गटाच्या बाजारात बसणाऱ्या बाईला हे ऐकून बरं वाटेल!

१८९९ च्या सप्टेंबरात मोठा भूकंप झाला. म्यूरचं नाव दिलेल्या हिमनदीचा पुढचा भाग फुटला आणि खाडी हिमखंडांनी इतकी भरली की पुढे काही वर्षं बोटी जवळ जाऊ शकल्या नाहीत. पर्यटक थांबले. त्यानंतर आले ते शास्त्रज्ञ.

१९१६ साली विल्यम कूपर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आला. त्याला प्रश्न पडला की बर्फ हटल्यावर उघड्या खडकावर जीव कसा धरतो. त्याने जमिनीवर लहान लहान चौकोन आखले आणि काही वर्षांनी परत येऊन त्यांत काय उगवलं ते मोजलं. आधी शेवाळ येतं. मग जमिनीलगत पसरणारी ड्रायस नावाची वेल, मग आल्डरची झुडपं. ड्रायस आणि आल्डर यांच्या मुळांत हवेतला नत्र धरणारे जिवाणू असतात, आपल्या हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळांवरच्या गाठींत असतात तसे. त्यामुळे माती सुपीक होते आणि मग त्या मातीवर मोठी झाडं उभी राहतात. नुसत्या दगडापासून दाट रानापर्यंत दोनशेएक वर्षं लागतात. खाडीच्या तोंडाशी आज रान आहे आणि आत टोकाला अजून दगड. म्हणजे बोटीने आत जाताना आपण दोनशे वर्षं मागे मागे जात असतो. कूपरचे ते चौकोन शंभर वर्षांनंतरही मोजले जात आहेत.

कूपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारला गळ घातली की ही जागा राखून ठेवा. २६ फेब्रुवारी १९२५ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली आणि ग्लेशियर बे हे राष्ट्रीय स्मारक झालं. १९३९ साली हद्द वाढली. १९८० साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. हे सगळं चांगलंच झालं. पण १९२५ साली सही होताना पलीकडच्या हुना गावातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. बर्फ मागे हटत गेला तसे ते लोक खाडीत परत येऊ लागले होते. सील धरायला, मासे सुकवायला, बोरं वेचायला, कुरव पक्ष्यांची अंडी आणायला येत होते. सरकारी कागदात मात्र ती जागा रिकामी होती.

आधी फारशी आडकाठी नव्हती. हळूहळू नियम घट्ट झाले. १९६० च्या दशकात अंडी गोळा करण्यावरची बंदी कडक झाली, १९७० च्या दशकात सीलची शिकार बंद झाली. आधीच १९४४ साली हुना गावाला आग लागून बहुतेक घरं आणि घराण्यांच्या जुन्या पवित्र वस्तू जळून गेल्या होत्या. त्यात आता जुन्या जागेवर जायचं तर पाहुण्यासारखं. चांदोली, मेळघाट, ताडोबा या भागांत ज्यांच्या नात्यागोत्यातली माणसं उठून आली आहेत, त्यांना हे दुखणं कळेल. एकदा बर्फाने उठवलं, दुसऱ्यांदा कायद्याने.

अंड्यांची गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या कामाची आहे. दर वर्षी मे-जून महिन्यात घरातली सगळी माणसं, पोराबाळांसह, होडीतून खडकाळ बेटांवर जायची. तो सणच असायचा. पण आज्या पोरांना शिकवायच्या, घरट्यात एक किंवा दोन अंडी असली तर घे, तीन असली तर हात लावू नको. का? कुरव पक्षीण साधारण तीन अंडी घालते आणि मग उबवायला बसते. तीन झाली म्हणजे आत पिल्लू धरायला लागलं. एक-दोन असताना उचललं तर ती पुन्हा घालते. पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, या आज्यांच्या मुलाखती घेतल्या, पक्ष्यांची वागणूक तपासली, आणि त्यांना आढळलं की नियम बरोबर होता. पक्षी कमी न होऊ देता अंडी घेण्याची ती रीत होती. शेवटी २०१४ साली अमेरिकेच्या संसदेने कायदा करून हुना लोकांना ठरावीक नियमांनी अंडी गोळा करायचा हक्क मान्य केला. जवळजवळ पन्नास वर्षं गेली. ज्या आज्यांनी पोरपणी अंडी वेचली होती, त्यांतल्या कितीतरी तोवर उरल्या नव्हत्या.

आणि त्या मुलीची, आजीची कथा? भूवैज्ञानिकांनी खाडीचा तळ, गाळ, बर्फाने गाडलेल्या जुन्या झाडांचे बुंधे तपासले. निष्कर्ष निघाला की खाडीच्या खालच्या भागात खरोखरच खोरं होतं, माणसाला राहण्याजोगं. आणि साधारण तीनशे वर्षांमागे बर्फ झपाट्याने पुढे आला आणि १७५० च्या सुमारास टोकापर्यंत पोहोचला. म्हणजे तोंडी कथेत जे होतं तेच मातीत सापडलं. ही कथा लिहून ठेवण्याचं मोठं काम नोरा मार्क्स डॉएनहॉवर या ट्लिंगिट बाईने आणि तिचे पती रिचर्ड यांनी केलं. वृद्ध बायकांच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रण करून त्यांनी कथा उतरवल्या, आणि १९८७ साली पुस्तक काढलं. म्हणूनच एका बाईच्या तोंडी आजी मागे राहते आणि दुसरीच्या तोंडी नात, हे दोन्ही आज आपल्याला वाचता येतं. दोघींचं जपलं, कुणाचं पुसलं नाही.

२५ ऑगस्ट २०१६ रोजी हुना गावातून लोक कोरीव होड्या वल्हवत बार्टलेट कोव्हला आले. उद्यानाने आणि हुना लोकांच्या संस्थेने मिळून तिथे एक मोठं लाकडी घर बांधलं होतं. चार घराण्यांच्या कथा त्याच्या खांबांवर कोरल्या आहेत. अडीचशेहून जास्त वर्षांनी त्या खाडीच्या काठी त्यांचं स्वतःचं घर उभं राहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला त्याच दिवशी शंभर वर्षं पूर्ण होत होती. झालेला अन्याय एका घराने भरून निघत नाही, पण पाहुण्यांनी घरच्यांचं घर मान्य केलं.

आता तिथे गेलं तर काय दिसतं? उन्हाळ्यात कुबडे देवमासे येतात. हिवाळ्यात ते हवाई बेटांजवळच्या उबदार पाण्यात असतात, तिथे बाळंत होतात, आणि पोट भरायला हजारो किलोमीटर पोहून इथे येतात. हिमखंडांवर सील पिल्लांना घेऊन पडलेले असतात. खडकांवर समुद्रसिंहांचा कळप ओरडत असतो. पाणमांजरांची तर गंमतच आहे. मऊ कातड्यासाठी व्यापाऱ्यांनी त्यांचा या किनाऱ्यावरून समूळ नाश केला होता. १९६० च्या दशकात दुसरीकडून काही शेकडा पाणमांजरं आणून आग्नेय अलास्कात सोडली, १९९० च्या दशकात ती आपणहून या खाडीत शिरली, आणि आज हजारोंनी आहेत.

बार्टलेट कोव्हला एका देवमाशिणीचा सांगाडा ठेवला आहे, चौदाएक मीटर लांब. तिचं नाव स्नो. १९७५ सालापासून अभ्यासक तिला शेपटीवरच्या ठिपक्यांवरून ओळखत होते. २००१ साली एका प्रवासी जहाजाची धडक बसून ती मेली. गाभण होती. आज त्या खाडीत दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, आणि देवमासे असतील तिथे वेग कमी ठेवावा लागतो. बघायला जाणाऱ्याचंही ओझं होतं, हे त्या सांगाड्यापुढे उभं राहिलं की कळतं म्हणतात.

बर्फाची भिंत आज व्हँकुव्हरच्या जागेपासून शंभर किलोमीटरहून आत गेली आहे. सुरुवातीचं मागे हटणं निसर्गाच्या चक्रातलं होतं, पण आता हवा तापते आहे म्हणून वरचा बर्फही पातळ होत चालला आहे. तिथल्या लोकांनी खाडीला दिलेलं नाव असं आहे: हिमनदीच्या जागी झालेली खाडी. आधी काय होतं आणि आता काय आहे, दोन्ही त्या एका नावात आहे.

मैत्रिणींनो, जाता जाता एक काम सांगते. आपल्या शिवारातल्या ओढ्यांची, टेकड्यांची, वावरांची, पाणवठ्यांची जुनी नावं गावातल्या सर्वांत थोराड आजीला विचारा. हे नाव का पडलं तेही विचारा. पुढच्या गटाच्या बैठकीत एका वहीत लिहून काढा, नाहीतर मोबाइलवर तिचा आवाज धरून ठेवा. दोन आज्यांनी दोन तऱ्हांनी सांगितलं तर दोन्ही लिहा. कोणतं खरं, ते पुढे माती सांगेल.